पैसा कुठं आहे, हे घरात किती जणांना माहीत आहे?

नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. एका खातेदाराला फक्त १० हजार रुपये काढता येतील, असा आदेश होता. पुढे जुलै २०२३ मध्ये या बँकेचा परवानाच रद्द झाला. ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क आहे, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. ही बातमी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली, आपल्या ओळखीच्या गावातली होती. चर्चा चौकात झाली, चहाच्या टपरीवर झाली, मशिदीच्या बाहेर झाली. पण आपल्या घरात झाली का? आपला पैसा कोणत्या बँकेत आहे, कुणाच्या नावावर आहे, किती आहे, हे बायको-मुलांसोबत बसून कुणी बोललं का?

आम्ही शिक्षक आहोत, बँकवाले नाही. पण शाळेत बसून घरांचा हिशेब आम्हाला दिसतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची वेळ आली की पालक पासबुकाची झेरॉक्स घेऊन येतात. त्यात एक नोंद हमखास सापडते, ४३६ रुपयांची. "ये काहे के कटे?" असं विचारलं की उत्तर येतं, "मालूम नई सर, बँकवाले काटते कुछ तो बी."

हे 'कुछ तो बी' म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. वर्षाला ४३६ रुपये कटतात आणि खातेदाराचा मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ५० असताना त्यात भाग घेता येतो. २० रुपये कटत असतील तर तो सुरक्षा विमा. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात आणि वयाची मर्यादा १८ ते ७० आहे. आयुर्विम्याबद्दल उलमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. ज्याला पटत नाही त्याने बँकेत अर्ज देऊन तो बंद करावा. पण विमा चालू आहे, पैसे दरवर्षी कटत आहेत आणि घरात कुणालाच पत्ता नाही, ही सर्वात वाईट अवस्था. कर्ता माणूस गेला तर बायको दोन लाखांचा क्लेम करणार तरी कशी? तिला ठाऊकच नाही.

आपण बोलत का नाही?

पहिलं कारण अदब. अब्बांना पैशाचं विचारणं म्हणजे त्यांच्या जाण्याची वाट पाहणं, असं मुलांना वाटतं. दुसरं कारण धाक. बायकोला कमाई कळली तर खर्च वाढेल, भावाला कळली तर उसने मागेल. तिसरं कारण नजर लागण्याची भीती. चौथं कारण फारसं कुणी कबूल करत नाही, ते म्हणजे लाज. कर्ज किती झालंय हे सांगायची लाज.

त्यात आपल्याकडची कमाई महिन्याला येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास येतं, कापूस त्यानंतर वेचणीवेचणीने. दुकानदार, ट्रकवाले, फळवाले, गॅरेजवाले यांचाही आजचा दिवस उद्यासारखा नसतो. एकदम मोठी रक्कम हातात आली की घर श्रीमंत वाटतं आणि एप्रिल-मे उजाडला की उधारी सुरू होते. म्हणून वर्षाच्या कमाईला बाराने भागायची सवय घरात सर्वांना लागली पाहिजे. समजा, बी-बियाणं, खत, मजुरी सगळं जाऊन वर्षाला १ लाख ८० हजार उरले. म्हणजे महिन्याला १५ हजार. आता लग्नात ४ लाख खर्च करायचं ठरलं तर ती या घराची सव्वीस महिन्यांहून जास्त दिवसांची पूर्ण कमाई झाली. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. त्या भावाने ४ लाख म्हणजे सुमारे ७५ क्विंटल सोयाबीन. बाजारात भाव त्याहून कमी मिळाला तर आणखी जास्त. हा हिशेब सातवी-आठवीतलं पोरगंही करू शकतं. मुलांना तो करू द्या. बापाने नुसतं "नाही" म्हटलं तर पोरगं रुसतं. आकडा समोर ठेवला की त्याला समजतं.

रमजान हा हिशेबाचा महिना आहेच

पैशाचं बोलणं सुरू कसं करायचं, हा प्रश्न अवघड वाटतो. पण आपल्याकडे त्याची वेळ आधीपासून ठरलेली आहे. ज्यांच्यावर जकात फर्ज आहे ते दरवर्षी सोनं, चांदी, रोकड, दुकानातला माल, येणं-देणं यांचा हिशेब करतात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब आपल्याला पाठ असतो. खामगावच्या बाजारातला चांदीचा भाव विचारला जातो आणि चाळिसावा हिस्सा काढला जातो. म्हणजे संपत्तीची यादी दरवर्षी तयार होतेच. फक्त ती एका माणसाच्या डोक्यात तयार होते आणि ईदनंतर तिथंच विरून जाते.

ती कागदावर उतरवा, आणि अम्मी, बायको, मोठी मुलं-मुली यांना सोबत बसवून उतरवा. जकात लागू नसली तरी यादी करा, कारण गरीब घराला ती जास्त लागते. दीनमध्येही लिहून ठेवण्याला मोठं महत्त्व आहे. कुरआनची सर्वात लांब आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. मग आपणच "भरोसे का आदमी है" म्हणून तोंडी का चालवायचं?

एका पानाची यादी

वहीचं एक पान पुरे. त्यावर हे लिहा:

- प्रत्येक बँक, पोस्ट आणि पतसंस्थेचं नाव, शाखा, खातं कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण
- मुदत ठेवीच्या पावत्या कुठं ठेवल्या आहेत, मुदत कधी संपते
- विमा, अगदी ४३६ आणि २० रुपयांचा सुद्धा
- शेताचा गट नंबर, घराचा नमुना आठ, प्लॉटची खरेदीखतं
- सोनं किती, कुणाचं, आणि गहाण असेल तर कुठं
- देणं: पीक कर्ज, गाडीचा हप्ता, कृषी केंद्राची उधारी, हातउसने
- येणं: कुणाला किती दिले, कधी दिले
- बीसी: किती जणांची, हप्ता किती, आपली उचल झाली की बाकी आहे
- मेहर दिला की बाकी आहे

एटीएमचा पिन, ओटीपी किंवा पासवर्ड या पानावर लिहू नका. त्यांची गरज नाही. पैसा कुठं आहे एवढं कळलं की वारसांना कायदेशीर मार्गाने तो मागता येतो.

नोकरदारांनीही हे पान टाळू नये. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्या आमच्यासारख्या शिक्षकांना जुनी पेन्शन लागू झाली नाही, पगारातून अंशदान कटत गेलं. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी प्रान नंबर म्हणजे काय हेच माहीत नाही. तो नंबर लिहा. त्या खात्यात नॉमिनी कोण आहे तेही पाहा. लग्नाआधी लागलेल्यांनी आईचं किंवा भावाचं नाव दिलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं.

बँक, पतसंस्था आणि बीसी: तिन्ही एक नाहीत

आपल्या बोलण्यात सगळंच 'बँक' असतं. पण कायद्यात फरक मोठा आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. सहकारी बँकांनाही हा विमा लागू असतो. २०२१ मध्ये कायदा बदलला. त्यानुसार बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. आधी परवाना रद्द होऊन बँक मोडीत निघेपर्यंत ठेवीदाराला थांबावं लागायचं.

इथं दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. ठेव ४ लाख ८० हजार आणि त्यावर व्याज ४० हजार जमलं असेल तर वरचे २० हजार विम्याबाहेर. दोन, एकाच बँकेच्या मलकापूर, नांदुरा आणि मोताळा अशा तीन शाखांत एकाच नावाने ठेवी असतील तर त्या एकत्र मोजल्या जातात. शाखा बदलून फायदा नाही. बँक बदलली तर मर्यादा वेगळी. घर विकून, जमीन विकून आलेले ७ लाख एकाच बँकेत एकाच नावावर ठेवले तर २ लाख उघड्यावर राहतात. म्हातारपणची पुंजी असो की मुलीच्या लग्नाची, दोन बँकांत वाटून ठेवणं कधीही बरं.

पतसंस्थेला हा ठेव विमा लागू नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. आपल्या जिल्ह्याला पतसंस्थांची जुनी सवय आहे. बुलडाणा अर्बन ही संस्था १९८६ मध्ये इथंच सुरू झाली आणि आज तिच्या शाखा दूरदूरच्या राज्यांत आहेत. कोणत्याही संस्थेवर शंका घेण्याचा आमचा हेतू नाही. सोय, ओळख, लवकर मिळणारं सोनेतारण कर्ज यामुळे लोक तिथं जातात, जावं. पण ठेव ठेवताना घरातल्या सर्वांना हे माहीत असावं की इथं सरकारी ठेव विमा नाही. म्हणून सगळी जमा एकाच ठिकाणी नको. आणि जास्त टक्के मिळतात म्हणून घाईने तर नकोच.

बीसीचा हिशेब वेगळा. समजा बारा जणांची बीसी, हप्ता ५ हजार, उचल ६० हजार. ज्याने दुसऱ्या महिन्यात उचलली त्याच्यावर अजून दहा हप्ते म्हणजे ५० हजारांचं देणं आहे. ज्याचे दहा हप्ते भरून झाले आणि उचल बाकी आहे त्याचं ५० हजारांचं येणं आहे. दोघांपैकी कुणी अचानक गेलं तर? पहिल्याच्या घरी लोक मागायला येतील आणि बायकोला ते खरं की खोटं कळणार नाही. दुसऱ्याच्या घरी कुणी काही सांगायला येईलच असं नाही. म्हणून बीसीची वही दोन घरांत असावी आणि बायकोला ती वाचता यावी.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. बहुतेक घरांत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव असतं, आणि अब्बा गेल्यावर तो म्हणतो, "मेरे नाम पे किये थे." बँक पैसे त्याच्या हातात देते हे खरं. पण नॉमिनी हा रक्कम ताब्यात घेणारा माणूस, अमानतदार. ती रक्कम वारसांची असते. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये विम्याच्या एका खटल्यात हे तत्त्व सांगितलं, आणि शेअर व म्युच्युअल फंडाबाबत १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात तेच म्हटलं.

शरियतप्रमाणे क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनचा खर्च, मग मयताचं कर्ज, मग वसियत, आणि उरलेलं वारसांना. वसियत एक तृतीयांशपेक्षा जास्त चालत नाही, आणि जो आधीच वारस आहे त्याच्यासाठी केलेली वसियत बाकी वारसांनी मान्य केल्याशिवाय चालत नाही. न दिलेला मेहर हेही कर्जच. तो विधवेला तिच्या हिश्शाव्यतिरिक्त, वाटणीच्या आधी मिळायला हवा.

उदाहरण घेऊ. कर्ज आणि मेहर चुकता करून ८ लाख उरले. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी, मयताचे आई-वडील हयात नाहीत. बायकोचा आठवा हिस्सा म्हणजे १ लाख. उरलेल्या ७ लाखांचे पाच भाग, प्रत्येक भाग १ लाख ४० हजारांचा. मुलांना दोन-दोन भाग, म्हणजे प्रत्येकी २ लाख ८० हजार. मुलीला एक भाग, १ लाख ४० हजार. नॉमिनी कुणीही असो, हिस्से हेच. वारस वेगळे असले तर हिस्से बदलतात. ते आलिम आणि वकील दोघांना विचारून ठरवावं. शेतजमिनीच्या बाबतीत तर वकिलाला विचारावंच.

आता कडू बोलतो. आपल्यात नमाज-रोजाबद्दल काटेकोर असलेली घरंही बहिणीचा हिस्सा द्यायच्या वेळी गप्प होतात. "शादी में दे दिये ना" म्हणून विषय संपवतात. मग हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. कधी कधी बहिणीला एकूण मिळकत किती हेही सांगितलेलं नसतं. बहीण स्वखुशीने सोडत असेल तर तो तिचा अधिकार. पण आधी तिच्यासमोर पूर्ण यादी ठेवा, तिचा हिस्सा तिला आकड्यात सांगा, मग विचारा. न सांगता घेतलेली सही म्हणजे रजामंदी नव्हे. अब्बा हयात असताना सगळ्या मुला-मुलींसमोर ही यादी वाचली गेली तर नंतरची निम्मी भांडणं उगवणारच नाहीत.

बँकेत आता एक सोय झाली आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचे टक्केही लिहिता येतात. त्याचा उपयोग करा. जमिनीच्या बाबतीत वारस नोंदीची खबर तलाठी कार्यालयात तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आपल्याकडे दहा-दहा वर्षं सातबारा आजोबांच्याच नावाने राहतो. मग पीक कर्ज अडतं, अनुदान अडतं. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखांची मदत आहे, पण कागद अपुरे असले की तिथंही खेटे मारावे लागतात. नवरा हयात असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ पासूनची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. विचारल्याशिवाय ती कुणी सांगत नाही.

बायकांचा पैसा बायकांचाच

मेहर, माहेरचं सोनं, शिलाई मशीनची कमाई, बचत गटाचा हिस्सा, लाडकी बहीणचे दीड हजार, हा सगळा पैसा तिचा आहे. घराला गरज पडली आणि तिने दिला तर तो उपकार आहे. परत देण्याच्या बोलीवर दिला असेल तर कर्ज आहे, तेही यादीत लिहा. सोनं गहाण ठेवताना पावती तिच्या नावाची हवी आणि सोडवायची तारीख तिला माहीत हवी. लिलावाची नोटीस आल्यावर कळणं ही फार मोठी दुखापत असते. ती पैशाची कमी आणि भरवशाची जास्त असते.

व्याजाचा प्रश्नही घरात उघड बोलावा. व्याज नको म्हणून काही जण रोकड पेटीत ठेवतात आणि ती चोरीला जाते. काही जण खात्यात आलेलं व्याज कधी पाहतच नाहीत. ते कसं बाजूला काढायचं, कुणाला द्यायचं, हे आपल्या आलिमना विचारा. पण विचारण्यासाठी आधी किती आलं हे माहीत हवं. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्याची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जाते. ती वारसांना परत मागता येते, आणि ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' या पोर्टलवर अनेक बँकांमधली अशी खाती नावाने शोधता येतात. पण शोधणार कोण? ज्याला खातं होतं हे माहीत आहे तोच.

बोलायचं कसं?

अब्बांना "आपके बाद क्या होगा" असं विचारू नका. "अब्बा, आप ने इतना जमाया, हमकू बी समझा दो" असं म्हणा. पहिल्या दिवशी सगळं विचारू नका. आधी फक्त पासबुकं भरून आणा आणि सोबत बसून वाचा. अम्मीला लिहिता येत नसेल तर नातीला लिहायला बसवा. जावई, सुना, भावजय यांचा विषय त्या दिवशी काढू नका. कुणाचं कर्ज बाहेर पडलं तर त्या दिवशी रागावू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तो लपवेल. शेवटी यादीवर तारीख टाका, दोन प्रती करा, एक घरातल्या कर्त्या बाईकडे द्या.

हे काम एका रात्रीत होणार नाही. पण या जुम्याला पासबुकं एका पिशवीत गोळा करणं तरी होईल. तेवढ्यापासून सुरुवात करा. पुढचा रमजान येईपर्यंत ते एक पान इन्शाअल्लाह भरलेलं असेल.